चिंधी बांधलेला टमाटा

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाल्यापासून कारभारींनी एकच व्यसन लावून घेतलं होतं, गावरान टमाट्याचं. खायचं नव्हे, राखायचं. नाशकात जेलरोडच्या त्यांच्या गच्चीवर कुंड्या होत्या आणि त्यांत एकेक फळ तळहातात न मावणारं, फोडी फोडी पडलेलं, बुडाला लाल अन् देठाशी हिरवट. बी थोरल्या बहिणीनं, झुंबरआक्कानं निफाडकडून पदराच्या गाठीत बांधून आणलेलं. तिच्या पोरांच्या वावरात आता ट्रकात टिकणारा कडक टमाटा होतो, त्यामुळे हे मऊ वाण तिकडून हद्दपार झालं होतं.

फळ जरा मोठं दिसलं की कारभारी त्याला लाल चिंधी बांधायचे. चिंधी म्हणजे बियाण्याचं फळ, आणि बियाण्याचं फळ तोंडाला लावायचं नाही, ही आईची शिकवण. अडचण एवढीच की कारभारींना सगळीच फळं मोठी दिसत. दर साली गच्चीवरचे टमाटे फेटे बांधून वऱ्हाडासारखे उभे राहत, आणि बायको लंकाबाई बाजारातून पाव किलो टमाटे आणून भाजी करत. काखेत कळसा अन् गावाला वळसा, असं त्या सुनेला, उज्वलाला, ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणत. कारभारींना मात्र तेवढं कमी ऐकू यायचं.

यंदा करपा आला. एका झाडाखेरीज सगळी झाडं गेली, त्या झाडावर एकच फळ टिकलं, आणि मागच्या सालचं बी उंदरांनी फस्त केलेलं. कारभारींनी त्या फळाला दोन चिंध्या बांधल्या.

नेमकी तेव्हाच आक्का डोळ्याच्या ऑपरेशनला नाशकात आली. ऑपरेशन नीट झालं, पट्टी निघाली, आणि दुसऱ्या दिवशी जेवताना तिनं ताटातली टमाट्याची फोड बाजूला सारली. दात नाहीत, हे रबर चावत नाय, म्हणाली. मग भावाकडे बघून म्हणाली, आपला टमाटा दे, मरायच्या आत एकदा खाऊ दे.

कारभारी पेचात पडले. देऊ म्हणावं तर वाण बुडतं, नाही म्हणावं तर आक्का, जिनं त्यांना कडेवर वाढवलं. त्यांनी तिसरा मार्ग काढला: अजून कच्चा आहे, असं सांगितलं. आक्का ताटावरून उठली. हात धुतला, आणि नव्या डोळ्यानं एकेक पायरी चाचपत गच्चीवर गेली. कारभारी मागोमाग.

फळ पिकून वाकलं होतं. आक्कानं दोन्ही चिंध्या सोडल्या आणि भावाच्या हातावर ठेवल्या.

"आक्का, बियाण्याचं हे ते. आईनं सांगितलंय."

"आईचं वावर होतं रे. ती एक झाड बियाण्याला सोडायची अन् बाकीचं आपल्याला चारायची. तू समदंच सोडलंस. मग खाणार कोण, उंदरं?"

तिनं फळ तोडलं, अंगठ्यांनी फोडलं, अर्धं आपल्या तोंडात घातलं आणि अर्धं भावाच्या तोंडात कोंबलं. रस हनुवटीवरून त्यांच्या नव्या पांढऱ्या शर्टावर उतरला. आंबट, गोड, उन्हानं कोमट. लहानपणी बांधावर बसून खाल्लेला तोच. इतकी सालं स्वतःच्या गच्चीवर असून त्यांनी तो चाखलाच नव्हता. कारभारींच्या डोळ्यांत पाणी आलं. लय आंबट हे, असं त्यांनी आक्काला सांगितलं, आणि आक्कानं त्यावर विश्वास ठेवल्यासारखं केलं.

खाली आल्यावर उज्वलानं शर्ट धुवायला मागितला. कारभारींनी आधी छातीकडे पाहिलं. रसासोबत बीही चिकटलं होतं, चांगलं भरपूर. त्यांनी शर्ट कुणाच्या हाती दिला नाही. सावलीत दोरीवर वाळत घातला आणि तो वाळेपर्यंत बनियनवर त्याची राखण करत बसले. लंकाबाईंनी शेजारणीला बोलावून ते दाखवलं.

त्या शर्टाच्या बियांची रोपं झाली, फळंही धरली. आता चिंधी एकाच फळाला बांधलेली असते. बाकीची लाल व्हायला लागली की कारभारी आक्काला फोन लावतात आणि तोच डाग पडलेला शर्ट घालून तिला उतरवून घ्यायला द्वारका चौकातल्या एसटी थांब्यावर जाऊन उभे राहतात.