मी रोशनीला आणायला गेले नाही

पटले सर परवा गेले. मी त्यांच्याशी आठ वर्षं बोलले नव्हते.

हे आधीच सांगून टाकते. कारण काल गोंदियाजवळ कुडव्यात त्यांच्या घरी सगळे मला "सरांची लाडकी विद्यार्थिनी" म्हणत होते आणि मी मुकाट मान हलवत होते.

सर ज्यांना माहीत नाहीत त्यांच्यासाठी. रेल्वेतून रिटायर झालेला माणूस. तरुणपणी नागपूरला पोस्टिंग असताना चर्चमधल्या एका म्हाताऱ्या वादकाकडून व्हायोलिन शिकले. आणि लग्नातला बँड नाहीतर डीजे यापलीकडे काही न ऐकणाऱ्या आमच्या गोंदियात त्यांनी स्ट्रिंग क्वार्टेट उभं केलं.

दोन व्हायोलिन आणि त्यांचीच मोठी भावंडं, एक व्हिओला, एक चेलो. समोर काठी हलवणारा कुणी नाही. चौघांनी एकमेकांचं ऐकायचं आणि वाजवायचं, बस्स.

लोक विचारायचे, मास्टरजी, फिल्मी गाना कब बजाओगे? सर म्हणायचे, पहले चारों का सुर तो मिलने दो.

सरांच्या क्लासची एक पद्धत होती. नवीन मूल आलं की मोठ्या विद्यार्थ्यासोबत त्याची जोडी लावायची. मोठ्यानं वर्षभर शेजारी बसायचं, त्याचं वाद्य सुरात लावून द्यायचं, तारांवर फिरवायचा बो कसा धरायचा ते दाखवायचं. आणि वाजवताना लहान्याची जागा हरवली, तर मोठ्यानं स्वतःचं वाजवणं सोडायचं, त्याची ओळ हळू आवाजात वाजवायची, तो सोबत आला की मगच आपल्या ओळीवर परतायचं. समोर लोक बसलेले असले तरी.

सर याला "आणाले जाणं" म्हणायचे.

माझी जोडी रोशनी; क्वार्टेटमधली दोन व्हायोलिनं आम्हा दोघींची. अर्जुनी मोरगावची, तेरा वर्षांची. दर रविवारी वडिलांसोबत गाडीनं यायची. तिला आणायला मी इतक्यांदा गेलेय की तिचा सगळा भाग मला पाठ होता.

मग नागपूरची ऑडिशन आली.

वर्षभराचा मेंटरशिप प्रोग्राम. मुंबईचे मोठे वादक दर महिन्याला येऊन निवडलेल्या क्वार्टेटला शिकवणार. एकेकट्याला प्रवेश नाही, चौघांना मिळूनच.

सर म्हणाले, मला येत होतं तेवढं शिकवून संपलं, आता तुम्हाला माझ्याहून चांगला मास्तर पाहिजे. असं म्हणणारा मास्तर मला पुढे मुंबईतही भेटला नाही.

ऑडिशनमध्ये अर्ध्यावर रोशनीनं घाईत समोरच्या नोटेशनची दोन पानं एकदम उलटली.

मला लगेच कळलं. तिचं वाजवणं थांबलं. तिनं माझ्याकडे बघितलं. मीही बघितलं.

मी गेले नाही.

समोर तीन परीक्षक. त्यातल्या एक बाई माझ्या बोटांकडे टक लावून बघत होत्या. माझा भाग अवघड होता आणि त्या दिवशी तो मला फार छान जमून राहिला होता. मी वाजवत गेले. सुंदर वाजवलं, उगाच खोटी नम्रता कशाला.

रोशनी शेवटपर्यंत तशीच बसून होती.

क्वार्टेट निवडलं गेलं नाही. त्या बाईंनी मला बाजूला बोलावलं आणि मुंबईला शिकायला ये म्हणाल्या.

परतीच्या गाडीत मी ते सरांना सांगितलं. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं.

सरांनी विचारलं,

"तू तिले आणाले काऊन नाई गेली?"

मी म्हटलं, सर, मग माझंही बिघडलं असतं.

"बिघडू द्याचं होतं. चौघंही सोबत तं असते."

एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही.

मला इतका राग आला की पुढच्या रविवारी क्लासला गेले नाही. मुंबईला निघताना पाया पडायलाही गेले नाही. आई चारदा म्हणाली, जाऊन ये. मी म्हटलं, त्यांना माझं चांगलं बघवत नाही.

हो, असं म्हटलं होतं मी. सरांबद्दल.

तेव्हा अठरा वर्षांची होते, अक्कल नव्हती, हे कारण चालून गेलं असतं. पण मग सव्वीसची होईपर्यंत काय केलं? दर दिवाळीला मुंबईहून गोंदियात, मुर्रीला घरी यायचे. मागच्या दिवाळीत स्कूटी काढून त्यांच्या गेटपर्यंत गेलेही. आत लहान मुलं सूर लावत होती. मी गाडी बंदसुद्धा केली नाही, तशीच वळवली. पुढच्या वेळी नक्की, असं स्वतःलाच सांगितलं.

काल गेले. सर बोलण्याच्या पलीकडे होते.

रोशनी दारातच भेटली. आता एकवीस वर्षांची आहे. सर आजारी पडल्यापासून क्लास तीच चालवते. मला मिठी मारून रडली. निदान ही तरी दोन शब्द सुनावेल असं वाटलं होतं. नाही सुनावले.

सगळं आटोपल्यावर दोघी ओट्यावर बसलो. मी विचारलं, सर कधी माझ्याबद्दल काही बोलायचे का.

ती म्हणाली,

"नाई ताई. खोटं कायले सांगू. एकदाबी नाई."

आता सगळे म्हणताहेत, सरांनी मनातून माफ केलं असेल. असेलही. मला ते कधीच कळणार नाही, आणि ही माझीच करणी आहे.

मग धीर करून तिला म्हटलं, त्या दिवशी तू माझ्याकडे बघितलं होतंस, मला दिसलं होतं.

"मले मालूम आहे," ती म्हणाली. "मले वाटलं, तू येऊन राहिली. म्हणून मी बो खालीच नाई ठेवला. आखरीपर्यंत वाट पायली तुयी."

 

सर, चूक माझी होती. ऐकायला तुम्ही नाही, तरी सगळ्यांसमोर लिहिते.

शेवटचा नमस्कार, सर.