फक्त छापील अक्षरं

इथल्या कारागृहात बायकांना वाचायला शिकवायला मी चार वर्षं गेले. आठवड्यातून दोन दुपारी, माझी शाळा सुटल्यावर. लोक त्याचं कौतुक करतात तेव्हा मी विषय बदलते. का बदलते, ते आज लिहून टाकते.

बरॅकीत एक रीत होती. पत्र दफ्तरात उघडून, शिक्का मारून आत यायचं, आणि मी ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचे. एकीचं पत्र ते सगळ्यांचं.

खुलताबादकडची एक बाई होती, माझ्याच वयाची. मुलगी मावशीकडे वाढत होती. पोरीचं पत्र आपलं आपण वाचता यावं, एवढ्याचसाठी ती शिकायला बसायची. एकदा ते पत्र आलं. मी पहिली ओळ वाचली, "आई, माझं लग्न ठरलं." टाळ्या पडल्या.

"सासू झालीस गं!" कुणीतरी ओरडलं. "जावई आला तर जेलच्या साडीत पाया पडून घेशील का?"

"घेईन की. त्यानं पडावं तर आधी!"

पुढं लिहिलं होतं: सासरी पडेगावला तू वारलीस असं सांगितलंय. पत्र पाठवू नको. सुटलीस तरी येऊ नको.

सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी वाचलं, "तुझी लई आठवण येते. सुटलीस की आधी पडेगावला माझ्या सासरी ये."

ती दया होती, असं मी स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे त्या हसऱ्या चेहऱ्यांसमोर वाईट बातमी वाचणारी बाई मला व्हायचं नव्हतं. आणि त्यानंतर मी जे केलं त्याला तर दया म्हणताच येत नाही.

ती झपाट्यानं शिकत होती. पेपरातले मथळे घडाघडा वाचायची. छापील वाचता आलं की हाताचं अक्षर वाचायला शिकवायचं, हा माझाच क्रम. तो धडा मी पुढं ढकलत राहिले. तिला एकटीला वगळता येईना, म्हणून वर्गातल्या कुणालाच शिकवला नाही. नऊ बायका.

पत्र ती पोलक्यात ठेवायची, दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही. एक दिवस ते माझ्यापुढं उलगडून म्हणाली, "बाई, पेपर वाचते मी. मग पोरीचं का लागंना?"

"तिचं अक्षर फार वाईट आहे."

ती हसली. "बापावर गेली. लिवा तिला, अक्षर सुधार म्हणावं, सासरचे नावं ठेवतील."

मी तसं लिहिलं. ते पत्र दफ्तरात दिलंच नाही.

तिच्या सुटकेची तारीख मला आठ दिवस आधी कळली होती. त्या आठ दिवसांत दोनदा वर्ग झाला. मी दोन्ही वेळा गप्प बसले.

सुटल्यावर चार दिवसांनी ती माझ्या शाळेच्या फाटकाशी उभी होती. हातात साडीचोळीची पिशवी.

"पडेगावला गेलते," ती म्हणाली. "दार सासूनं उघडलं. म्हनलं, मी सुनंची माय. ती म्हनली, तिची माय तर कवाच गेली. पोरगी मागंच उभी. पांढरीफट. मी म्हनलं, व्हय का, मग घर चुकलं माझं. आन् फिरले."

तिनं पत्र पुढं केलं. "आता लिवलंय ते वाचा."

फाटकातून पोरं बाहेर पडत होती. मी वाचलं, एक शब्द न सोडता. ती मान खाली घालून ऐकत होती.

"हे तवाच वाचलं असतं तर चार दिस रडले असते," ती म्हणाली. "पर तिच्या दारात गेले नसते."

मी माफी मागितली. न राहवून मी विचारलं, "तिला काही लिहून देऊ का?"

"नाय. तुमच्या हातचं नको."

पत्र घेऊन ती निघून गेली. त्यानंतर मला ती कधी भेटली नाही.

पुढच्या वर्गाला मी फळ्यावर हाताचं अक्षर काढलं. तोवर नऊपैकी चौघी सुटून गेल्या होत्या. घरी कुणाचं पत्र आलं तर त्या अजूनही दुसऱ्याकडूनच वाचून घेत असतील.