शेवटच्या पाळीचा गाळ

शेषेराव वडजे गावात वाढपी म्हणून ओळखले जातात. लग्न असो, तेरवी असो की सप्त्याची पंगत, वरणाची बादली त्यांच्याच हातात. कंधारच्या पुढे, पाझर तलावाच्या खाली हे गाव आहे. इथं वाढप्यानं सगळी पानं उठल्यावर बसायचं असतं. उरेल ते खायचं, नाही उरलं तर घरी येऊन भाकरी. शेषेरावांनी त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही.

तलावाखालच्या रानात त्यांची मोसंबीची बाग होती. मुलगी समीक्षा शाळेत जाऊ लागली त्या सुमारास लावलेली. फळ पातळ सालीचं, हातात जड लागणारं. उदगीरचे फळव्यापारी मैनोद्दीन बागवान माल झाडावर असतानाच सौदा करून जायचे आणि दुसऱ्या बागेत पाऊल ठेवण्याआधी इथं यायचे.

एका उन्हाळ्यात तलाव आटला. गाळ काढून रानात न्यायची परवानगी आली, पोकलेन मशीन आलं आणि ट्रॉली कोणाची आधी लागणार यावरून पहिल्याच सकाळी धक्काबुक्की झाली. गावानं पाळ्या लावायचं काम शेषेरावांकडे दिलं. वाढप्याचा हात सारखा असतो, असा हिशेब.

"तुमची ट्रॉली तर लावा आधी," शेजारचे व्यंकटराव म्हणाले. त्यांचं रान धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून.

"वाढपीच पहिल्या पंगतीला बसला तर लोक तोंडात शेण घालतील," शेषेराव म्हणाले.

लोकांनी काळा, लोण्यासारखा गाळ नेला. शेषेरावांची पाळी शेवटी आली तेव्हा मशीनची बादली तळाला टेकली होती. वर आली ती पांढुरकी, शाडूसारखी चिकट माती.

"काका, काळं सरलं," ड्रायव्हर म्हणाला. "आता खालचं लागलंय. टाकू का?"

"तलावातलंच हाय न्हाई का? टाक."

ती माती त्यांनी हातभर जाडीनं प्रत्येक झाडाखाली पसरली. फावडं स्वतः धरलं. बुंध्याला लागू नये म्हणून कडेनं जागा मोकळी सोडली.

पहिली पालवी बरी आली. पुढची फुटली ती पिवळी. शिरा हिरव्या, मधला भाग फिका, पान बोटाएवढं. दुकानदारानं सूक्ष्म अन्नद्रव्यांची बाटली दिली, त्यात जस्त, लोह, बोरॉन. फवारा मारला की पंधरवड्यात पानं हिरवी व्हायची आणि शेषेराव बायकोला, कस्तुराबाईंना, बोलावून दाखवायचे. नवी पालवी पुन्हा पिवळी यायची. मग त्यांनी आळ्यात हिराकस टाकलं, म्हणजे लोहाचं खत. दुप्पट टाकलं. काही फरक पडला नाही.

दसऱ्याला मैनोद्दीनभाई आले. एक फळ तोडून त्यांनी चाकूनं कापलं. साल बोटभर जाड, आत कोरड्या फोडी.

"पाटील, झाडांना कावीळ झाली काय?"

"फवारणी चालू हाय. पुढच्या बहराला बघा."

"बघतो ना. पर हा माल नेला तर गिऱ्हाईक लिंबाचा भाव विचारंल." त्यांनी फळाच्या दोन्ही फोडी खाली ठेवल्या, चाकू पुसला आणि चहा न घेता गेले. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच चहा न घेता गेले.

दिवाळीला समीक्षा लातूरहून आली. ती तिथं शेतीच्या कॉलेजात शिकते. तिनं झाडाखालची चिमूटभर माती वाटीत घेऊन वर आम्लाचे थेंब टाकले. माती सोड्यासारखी फसफसली.

"अण्णा, ह्यात चुनाच चुना हाय. तुम्ही लोह टाकून राहिलात अन् चुना ते जागच्या जागी धरून ठेवतोय. मुळीला काही मिळंना."

"फवाऱ्यानं हिरवं होतंय की."

"होतं ते तेवढंच पान. नव्या पानाला पुन्हा उपास. फळाला काय उरणार?"

"चुना मारायला गंधक टाकलं तर?"

"थोडा चुना असता तर टाकलं असतं. हा लई हाय."

"लोकायनं काळं नेलं अन् आपल्या पदरात पांढरं," कस्तुराबाई चुलीपुढून म्हणाल्या. "लई सोस वाढायचा."

माती परत काढायचं ठरलं. एका ओळीपासून सुरुवात केली. फावड्याच्या पहिल्याच घावाला मातीबरोबर दोऱ्यासारख्या मुळ्या तुटून आल्या. अन्न घेणाऱ्या बारीक मुळ्या ओलाव्यापोटी त्याच थरात चढल्या होत्या. समीक्षा थांबा म्हणाली. तरी शेषेरावांनी ती ओळ पुरी केली.

माघात त्या ओळीला इतकी फुलं आली की पान दिसेना. शेषेरावांनी लातूरला फोन लावला. "अण्णा, झाड मरायला लागलं की असंच फुलतं," समीक्षा म्हणाली. आपण हे सांगायला नको होतं, असं तिनं नंतर आईला सांगितलं. होळीपर्यंत फुलं गळाली, मग पानं, आणि फांद्या टोकाकडून वाळत खाली आल्या. उरलेल्या ओळींना शेषेराव वैशाखापर्यंत फवारत राहिले. त्यानंतर मशीन बोलावून त्यांनी सगळी बाग काढली आणि रान सपाट केलं, तशी पांढरी माती रानभर पसरली. व्यंकटराव मदतीला आले होते. "तुम्ही पाळ्या लावल्या म्हणून आमचं रान सुधारलं," ते मनापासून म्हणाले.

मृगात शेषेरावांनी तिथं सोयाबीन पेरलं. पाऊस वेळेवर झाला, बी सगळं उगवलं. तिसरं पान फुटलं तेव्हा ते सकाळी रानात गेले. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. धुऱ्याजवळ ट्रॉली वळली नव्हती, पांढरी माती पोचली नव्हती, तिथला चिंचोळा पट्टा मात्र गर्द हिरवा होता, आणि दोन रंगांमधली रेघ दोरी धरून आखल्यासारखी सरळ.

घरी आल्यावर कस्तुराबाईंनी विचारलं, "कसं हाय?"

"उगवलंय."

"ते ठाव हाय. कसं हाय, म्हणलं."

"उगवलंय," शेषेराव म्हणाले आणि पाय धुवायला मोरीकडे गेले.