डावीकडची पानं

आळेफाट्याच्या आमच्या ऑफिसात आता कुठल्याही बोअरची माहिती मिनिटात सापडते. ही माझी करामत. पूर्वी कौतुक झालं की मी फुगायचे, आता मान खाली घालते.

पूल किंवा टाकी बांधण्याआधी जमिनीत भोक पाडून माती कुठवर, मुरूम कुठवर, कातळ कुठे ते बघायचं, हे आमचं काम. मशीन जुन्नरचे चाचा चालवायचे. त्यांच्या वहीत उजवीकडे छापील तक्ता असायचा, डावं पान कोरं. तक्त्यात चाचा आकडे भरायचे आणि कोऱ्या पानावर मनातलं लिहायचे. ‘लोणी. पाणी खालीच गडप झालं. दगड वाजतो, पण खोटा, आत पोकळ.’ ‘घोडेगाव. मुरूम हातात गुळासारखा फुटतो. म्हातारीनं ताक दिलं.’

“चाचा, ताक किती मीटरला लागलं?” मी चिडवायचे.

“हसा मॅडम. ताक नसतं तर भोक अर्ध्यावरच ऱ्हायलं असतं.”

मग मी सगळं कॉम्प्युटरवर आणायचं ठरवलं. टाइप करणाऱ्याला बजावलं, फक्त तक्ते घे. वह्या रद्दीत गेल्या, तेव्हा चाचा दारात उभे होते.

“समदं उतरवलं ना?”

“सगळं,” मी म्हणाले. मला खरंच तसं वाटत होतं.

साइटवर टॅब आला. चाचा म्हणायचे, “खोटा वाजतोय.” मी टॅबवरच्या यादीत शोधायचे. ‘खोटा’ नव्हतं, म्हणून ‘कठीण खडक’वर बोट दाबायचे. हळूहळू चाचा बोलेनासे झाले. मला वाटलं, नवीन पद्धत अंगवळणी पडली. माझ्यासारखी मूर्ख मीच.

परवा त्यांची मुलगी आली. चाचा जाऊन चार महिने झाले होते.

“मॅडम, अब्बांच्या हातचं एखादं पान द्या. घरात त्यांचं अक्षरच न्हाई. लिहायचे ते समदं हितंच. म्हनायचे, माझं समदं मॅडमनी जपून ठेवलंय.”

मला रडू फुटलं. काहीतरी द्यायला हवं म्हणून मी कॉम्प्युटर उघडला. लोणी, घोडेगाव, मीटर, थर, सगळं रांगेत आलं. ती पडद्याजवळ वाकली.

“ह्यात अब्बा कुठंयत?”

शेवटच्या रकान्यात ‘ऑपरेटर’खाली नावाऐवजी चाचांचा नंबर होता, ‘२’. मी त्या दोनवर बोट ठेवलं.