बानाबाईच्या शब्दावर

मल्हाररावांना आपल्या शंभर मेंढ्या तोंडावरून ओळखू यायच्या, आणि याचा त्यांना भारी तोरा होता. खुलताबादच्या डोंगरावर दोन कळप एकमेकांत मिसळले की बाकीचे शिव्या देत बसायचे. हे मात्र बिडी ओढता ओढता आपलं जनावर बोटानं दाखवायचे. साठी उलटली आणि ते बोट थरथरू लागलं. शहरातल्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला, दिवसाला चार गोळ्या लावल्या. हात पुष्कळसा ताळ्यावर आला, पण डोळ्यांनी दगा दिला. एका मेंढीच्या दोन दिसू लागल्या. तिन्हीसांजेला काळी मेंढी कुठली आणि काळा दगड कुठला, ते कळेना. पुढं तर घरात नसलेली माणसं येऊन बसू लागली.

पहिल्यांदा चुलीपाशी तीन पोरं दिसली, तेव्हा भुताच्या धास्तीनं मल्हारराव घामाघूम झाले. डॉक्टर म्हणाले, भूतबीत काही नाही. हा आजार आणि या गोळ्या मिळून असं दाखवतात. घाबरायचं नाही, घरातल्या विश्वासाच्या माणसाला विचारायचं.

विश्वासाचं माणूस म्हणजे बायको, बानाबाई. चाळीस वर्षांचा संसार. मल्हारराव बोट दाखवायचे, "हाय का?" ती हातातलं काम न सोडता सांगायची, "हाय," नाहीतर "नाय." नाय म्हटलं की ते मान वळवायचे, विषय संपला. एकदा मतं मागायला आलेले चार जण बाजेवर बसले होते, तर त्यांच्या तोंडावरच विचारलं, "हे हायेत का?"

"हायेत," बानाबाई म्हणाली, "पाच वर्सांनी हायेत."

मेंढ्या आता बानाबाईच चारायला न्यायची, दुखरे गुडघे धरून. मुलगा बन्सी शेंद्र्याच्या कंपनीत होता. कळप विकून टाका, हा त्याचा हेका. "मी मेल्यावर विक," असं मल्हाररावांनी म्हटलं की बोलणं तिथंच मिटायचं.

एका गुरुवारी सकाळी ते बाजेवर बसले होते. मेंढ्यांच्या वाडग्यापाशी ट्रक येऊन उभा राहिला. दोन अनोळखी माणसं आत शिरली. एक जण मेंढीचा ओठ उचलून दात बघू लागला, दुसरा पाठीवर लाल रंगाचा पट्टा ओढू लागला.

"अगं, हाय का?"

"नाय," भांडी घासता घासता बानाबाई म्हणाली.

त्यांनी मान वळवली. पण आजवर दिसलेल्या नसत्या माणसांनी कधी तोंडातून ब्र काढला नव्हता, आणि इथं तर मेंढ्यांनी कालवा मांडला होता.

"आवाज बी येतोय गं. वास बी येतोय."

"परवा गोळी वाढली ना. मिटा डोळे घटकाभर."

त्यांनी मिटले. शहाण्या पोरासारखे मिटले. या खेपेला गोळ्यांनी नक्कल झकास केली, म्हणून स्वतःशी हसलेसुद्धा. कान सांगत होते, नाक सांगत होतं. बायकोच्या शब्दाखातर त्यांनी दोघांनाही खोटं ठरवलं.

दुपारी भिंत चाचपत ते वाडग्यापर्यंत गेले. लेंड्या अजून ओल्या होत्या. फाटकाला लागलेला लाल रंग बोटांवर आला. आत एकही मेंढी नव्हती.

बन्सी छावणीच्या बाजारात मेंढ्या विकून परतला. "आबा, आईचे गुडघे गेले. कुणी चारायच्या?" मल्हाररावांनी त्याच्याकडं बघितलंही नाही.

"ह्यो निदान उघड सांगत व्हता," ते बानाबाईला म्हणाले. "तू?"

ती पदर तोंडाला लावून रडू लागली. "तुमी नेऊ दिल्या नसत्या. माझ्यानं होईना वो आता."

"नसत्याच नेऊ दिल्या. भांडलो असतो, रडलो असतो, एकेकीच्या तोंडावरून हात फिरवला असता. तू माझे डोळे मिटवून घेतलेस."

मेंढ्या गेल्याचं दुःख होतंच. पण उभ्या आयुष्यात इतकं फसल्यासारखं त्यांना कधी वाटलं नव्हतं, आणि फसवणारी परकी नव्हती.

तिन्हीसांजेला अंगणात मेंढ्या आल्या. सगळ्या, पाठीवर लाल पट्टे घेऊन, मुक्यानं उभ्या राहिल्या. मल्हाररावांनी कुणाला काही विचारलं नाही. पाण्याची बादली उचलली आणि मेंढ्या जिथं पाणी प्यायच्या त्या दगडी डोणीकडं ते निघाले.

"अवो, तिथं काय नाय," बानाबाई कळवळून म्हणाली. "देवाशपथ नाय."

खरंच बोलत होती बिचारी. मल्हाररावांनी बादली डोणीत रिकामी केली आणि दुसरी भरायला वळले.