दिलगीर सम्राट

अठ्ठाविसाव्या भागात सम्राटाने एक अख्खा चंद्र उडवला. त्यावर चार लाख माणसं राहत होती. डबिंगसाठी केलेल्या भाषांतरात मी लिहिलं होतं, "एकही वाचता कामा नये." सरकारांनी ते खणखणीत म्हटलं. पण पडद्यावर सम्राटाचं तोंड अजून हलतच होतं. सरकार क्षणभरही न अडखळता पुढे म्हणाले, "होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

रेकॉर्डिस्ट हसून हसून खुर्चीवरून घसरला. भाग संध्याकाळी दाखवायचा होता. तो तसाच गेला.

सरकार हे स्टुडिओत पडलेलं नाव. एका परदेशी अंतराळ-मालिकेतल्या सम्राटाला ते आपल्या भाषेत आवाज देतात, म्हणून. त्याआधी सव्वीस वर्षं ते बसस्थानकावर घोषणा करायचे. मग स्थानकाने ध्वनिमुद्रित आवाज बसवला आणि यांना घरी बसवलं. त्या दिवसापासून त्यांनी स्थानकाचं तोंड पाहिलेलं नाही. स्टुडिओला येताना मधे स्थानक लागतं, म्हणून ते दोन गल्ल्यांचा वळसा घालतात. पावसातही.

डबिंगचा नियम सोपा आहे. पडद्यावरचं तोंड हलेल तेवढा वेळ बोलायचं. कमी नाही, जास्त नाही. मी साहित्य शिकले आहे आणि मला थोडक्यात लिहायची खोड आहे. सम्राट मात्र तोंडाळ. माझं वाक्य संपायचं, त्याचे ओठ उरायचे. त्या उरलेल्या ओठांत सरकार पदरचं ओतायचे. "कृपया नोंद घ्यावी." "सहकार्याबद्दल आभारी आहोत." एकदा फाशीची शिक्षा सुनावल्यावर, "आपल्या सामानाची काळजी घ्या."

बंडखोरांची म्होरकी नेमकी उलटी. दगडासारखा चेहरा, ओठ जेमतेम हलणार. तिला आवाज देतात काकू, म्हणजे सरकारांच्या पत्नी. मूळ मालिकेत ती एका जखमी कैद्याविषयी भरभर पुटपुटते की त्याला पाणी द्या, मलमपट्टी करा आणि त्याच्या आईकडे पोचवा. आपल्या भाषेत तेवढ्या जागेत काय मावणार? काकूंच्या वाट्याला आलं, "न्या याला."

"मला तेवढंच का गं?" काकू माझ्यावर उखडल्या. "यांना बघ, पान पान बोलतात. आणि मी काय, खाटीक?"

"तुझे ओठ हलत नाहीत, त्याला मी काय करू?" सरकार म्हणाले.

"माझे? घरी हलवायला कधी जागा ठेवलीत?"

पत्रं यायला लागली. एका आजींनी विचारलं, सम्राटांची तब्येत कशी आहे, ती बया त्यांना सुखाने राज्य का करू देत नाही. आमच्या गल्लीत पोरं सम्राट-बंडखोर खेळायची, तेव्हा बंडखोर व्हायला कुणी तयार नसे. कॉलेजात मी सत्ता आणि विद्रोह यांवर वीस गुणांचं उत्तर लिहिलं होतं. अठरा मिळाले होते. ते परत करून यावं असं वाटायला लागलं.

शेवटच्या भागाच्या रेकॉर्डिंगला वाहिनीचे साहेब स्वतः आले.

"मूळ कंपनीची तक्रार आहे," ते म्हणाले. "एवढा जुलमी माणूस आणि लोक त्याला नमस्कार कळवतात. आज तो मरणार. मरताना शिव्याशाप देतो. ते मला शब्दाला शब्द हवंय. आणि राग हवा, खरा."

"आणि नाही जमलं तर?" सरकारांनी विचारलं.

"तर काका, संगणकावर आवाज तयार आहे. हा भागही तो करेल, पुढची मालिकाही."

 सरकार चष्मा पुसत राहिले. तो आधीच स्वच्छ होता.

चाळीस सेकंदांचं भाषण. या वेळी मी एकही ओठ रिकामा सोडला नव्हता. सरकार आणि काकू आत गेले आणि शेजारी शेजारी माइकसमोर उभे राहिले. पडद्यावर म्होरकीने पिस्तूल रोखलं.

"तुमच्या पोरांची पोरं माझ्या नावाने किंचाळत उठतील," सरकार म्हणाले. ती पोरं साडेचारच्या गाडीने फलाट तीनवरून उठणार होती असं वाटलं.

पुन्हा. पुन्हा. चौथ्या वेळी साहेबांनी घड्याळ पाहिलं. "शेवटचा टेक. मग आपण थांबू."

सरकारांनी हातातला कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. 

"अहो, एक सांगू?" काकू म्हणाल्या. माइक चालू होता.

"आत्ता?"

"आत्ताच. बसस्थानकावरचा तो आवाज माझा आहे."

रेकॉर्डिस्टने माझ्याकडे पाहिलं. मी रोज तिथूनच बस पकडते. तो आवाज रोज ऐकते. आणि त्याच क्षणी मला तो ओळखू आला.

"काहीतरी बरळू नकोस," सरकार म्हणाले.

"आधी तुमचाच आवाज मागायला आले होते स्थानकाचे लोक. तुम्ही आंघोळीला गेला होतात. मी सांगितलं, त्यांना नाही करायचंय. मी करते."

"तू... का?"

"सव्वीस वर्षं सगळं गाव तुमचं ऐकत होतं. घरी आल्यावर मीही ऐकत होते. माझं कोण ऐकत होतं? अख्ख्या गल्लीला माहीत आहे. तुम्ही तिकडे फिरकलात तर कळणार ना!"

रेकॉर्डिस्टला काय सुचलं कोण जाणे. त्याने पडदा सुरू केला.

सरकारांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. कागदही खाली पडला. काकूंकडे तोंड करून त्यांनी ती चाळीस सेकंदं म्हटली. शब्दाला शब्द. त्या पोरांची पोरं खरंच किंचाळत उठली असती. मी टेबलाची कड धरली होती. ओठ कुठेही चुकले नाहीत.

मग काकूंची पाळी. म्होरकी गोळी झाडते आणि एकच शब्द बोलते. "संपलं." काकूंनी तो म्हटला, पण त्याचा शेवट हवेतच विरला. जिंकलेल्या बाईचा तो आवाज नव्हता.

"तिचं पुन्हा घ्यायचं का?" मी विचारलं.

"वेड लागलंय का?" साहेब उठलेच. "पुढची मालिका या दोघांची. कराराचे कागद पाठवतो." आणि गेले.

आत रेकॉर्डिंगचा दिवा तांबडाच होता. तो बंद करायचं कुणाला सुचेना. सरकार घाम पुसत स्टुलावर बसले. काकू उभ्याच होत्या, पर्स छातीशी धरून. साहित्यात अशा जागी दोघांपैकी एक जण तरी बरोबर असतो. मी शोधत होते.

सरकारांनी विचारलं, "किती टेक लागले तुला?"

"कशाला?"

"स्थानकाच्या घोषणांना."

काकू खाली बघत म्हणाल्या, "एकच."

सरकारांनी खाली पडलेला कागद उचलला.

"मला इथे पहिल्या दिवशी अकरा लागले होते," ते म्हणाले.