काकींच्या पिल्लांची टाकी

काकींनी मला कधी काम सांगितलं नाही. त्या फक्त ‘भाऊ, जरा बघता का?’ म्हणायच्या, आणि माझा दिवस गेलाच म्हणून समजा. जुन्नरच्या पेठेत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, आणि शेजारी काकींचं घर. मारवाडी जैन माणसं, कापडाचा जुना धंदा. काका गेल्यावर तो बंद झाला. मुलगा पुण्याला. आई एकटी पडली म्हणून त्याने रंगीत सिक्लिड माशांची काचेची टाकी आणून दिली आणि तो मोकळा झाला. अडकलो मी.

माशांना पिल्लं झाली आणि मोठे मासे ती गिळू लागले. ज्या घरात कांदा येत नाही, तिथे हे काकींना सहन होईना. म्हणाल्या, जरा बघता का? मग मी पिल्लं वाढवायला दुसरी लांबट टाकी आणली. साफ करायला सोपं म्हणून तळाला वाळू नाही, कोपऱ्यात स्पंजचा फिल्टर, हवेचा पंप, थंडीसाठी हीटर. पाणी मोठ्या टाकीतलंच घ्यायचं, म्हणजे पिल्लांना मानवतं. काकींनी प्रत्येक बादली दुपदरी फडक्यातून गाळली, आणि फडक्यातले न दिसणारे जीव परत मोठ्या टाकीत सोडले. तासाभराचं काम संध्याकाळपर्यंत चाललं.

खाद्याच्या पाकिटावरचं मी त्यांना वाचून दाखवलं, ही माझी घोडचूक. त्यात माशांची भुकटी होती. काकी पाकिटाला हात लावेनात. आमचं घर डिंगोरे गावचं, शेतकऱ्याचं, बुधवारी मासळी ठरलेली, हे त्यांना ठाऊक होतं. तुमी खाताच, मग तुमीच टाका, म्हणाल्या. तेव्हापासून दोन्ही वेळा गिऱ्हाईक ताटकळत ठेवून मी चिमूटभर भुकटी टाकायला जायचो. एकदा वैतागून विचारलं, पाप सगळं माझ्याच माथी का? त्यांनी शांतपणे वाटणी करून टाकली, “पाप तुमचं, पुण्य दोघांचं.”

इथवर ठीक होतं. पुढे त्यांनी नियम घेतला. पिल्लं आपल्यामुळे हलवली गेली, म्हणून त्यातलं एक जरी मेलं तरी त्या दिवशी त्यांचा उपास, फक्त पाणी. वय झालेलं, त्यात शुगर. एवढी पिल्लं म्हटल्यावर काही जाणारच. दांडगी असतात ती बारक्यांना टोचून मारतात. मी समजावलं, डॉक्टरांचं भय घातलं. ऐकतील तर त्या काकी कसल्या.

शेवटी मीच युक्ती केली. त्या सकाळी देवळात गेल्या की मेलेलं पिल्लू काढायचं, दारातल्या मोगऱ्याच्या कुंडीत पुरायचं आणि कुंडीशेजारच्याच नळावर हात धुवायचे. त्या परत आल्या की सांगायचं, सगळी झकास आहेत. चष्मा लावूनही त्यांना पिल्लं नीट दिसत नव्हती, त्यामुळे खपून जायचं. ‘बरं झालं’ म्हणून त्या आत जायच्या, आणि म्हातारीला जेवू घातल्याच्या समाधानात मी दुकान उघडायचो.

मग मुलगा त्यांना कायमचं पुण्याला न्यायला आला. मोठी टाकी त्याने गाडीत घातली. पिल्लांची टाकी माझ्या दुकानात आली, अर्थातच मला न विचारता. निघताना काकींनी मला खिडकीपाशी बोलावलं.

“भाऊ, टाकीत मी कवा पाह्यलंच न्हाई. मला दिसतंय कुठं? देवळातून येताना तुमी मोगऱ्यापाशी हात धुताना दिसला, की त्या दिवशी मी जेवत नव्हते. तुमाला वाईट वाटंल म्हणून बोलले न्हाई.”

गाडी गेली. मला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि डोळ्यांतलं पाणीही थांबेना.

आज सकाळी एक पिल्लू गेलं. दुपारी डबा उघडला. बुधवार, बायकोने मासळीचं कालवण दिलेलं. डबा तसाच बंद केला. उपास मला कधीच झेपला नाही. दुपारभर डोकं धरून बसलो होतो, आणि मनातल्या मनात काकींना जे काही बोललो ते लिहिण्यासारखं नाही.